वीस गुणांचं कारण

तीन वर्षांच्या एलएलबीच्या प्रवेशाचा हंगाम आमच्याकडे पावसाबरोबर सुरू होतो आणि दिवाळी तोंडावर आली तरी आवरत नाही. सीईटीचा निकाल, कॅपच्या फेऱ्या, मग संस्था स्तरावरची फेरी. तोवर पहिल्या सत्राचे वर्ग अर्धेमुर्धे भरलेले असतात. पिंपरी-चिंचवडमध्ये कायदा शिकवायला लागल्यापासून कागदपत्रं तपासायच्या टेबलावर मी दरवर्षी बसत आले आहे. हे काम सहसा कुणी मागून घेत नाही. मी मागून घेते, कारण समोर बसलेला माणूस कुठून, किती वळणं घेत इथवर आला हे त्याच्या फाइलमधून जितकं कळतं तितकं पुढे वर्गात कळत नाही.

सगळ्यात जास्त गर्दी गुरुवारी. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे भोसरी, चाकण, तळवड्याची मंडळी त्या दिवशी येतात. कुणाच्या अंगात अजून कंपनीचा टी-शर्ट असतो, कुणाच्या हातात कंपनीच्या डायरीत खोचलेली गुणपत्रकं. एचआरमध्ये दहा वर्षं काढलेला आणि आता आयआर मॅनेजरच्या जागेसाठी एलएलबी हवी असलेला. युनियन कमिटीवर निवडून आलेला आणि कोर्टात वकील काय बोलतात ते आपल्याला समजलं पाहिजे म्हणून आलेला. वायरिंग हार्नेसच्या लाइनवर काम करता करता बीकॉम झालेली मुलगी. निवृत्तीला आलेला हवालदार. पुण्यात आयएलएससारखं १९२४ सालचं महाविद्यालय आहे, तिथल्या विद्यार्थ्यांची घडण वेगळी. आमच्या पट्ट्यात कायद्याच्या पहिल्या वर्षाला बसणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा कायद्याचा फटका आधीच खाल्लेला असतो. शो-कॉज, चार्जशीट, घरगुती चौकशी, ब्रेक देऊन पुन्हा भरती, ठेकेदार बदलला म्हणून बुडालेली सर्व्हिस, हे सगळं तो सिलॅबस उघडण्याआधीच शिकून आलेला असतो.

या माणसाला दार उघडं झालं ते २०१६ पासून. त्या वर्षी महाराष्ट्रात कायद्याच्या प्रवेशासाठी सामाईक परीक्षा, म्हणजे सीईटी, आली. त्याआधी पदवीच्या टक्क्यांवर याद्या लागायच्या. १९९५ साली बीकॉमला ४८ टक्के मिळवणारा आणि २०१५ साली ७२ टक्के मिळवणारा एकाच यादीत उभे केले जायचे. वीस वर्षांत गुण देण्याची रीतच बदलली, याचा हिशेब कुणी करत नव्हतं. सीईटीने निदान सगळ्यांना एक माप लावलं. पेपर मराठीतही असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि दुसऱ्या शिफ्टहून आल्यावर रात्री अकरानंतर चालू घडामोडी पाठ करणारा माणूस चांगला स्कोअर आणू शकतो. आणलेले मी पाहिले आहेत.

वयाचा प्रश्नही तेव्हाच सुटत आला. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीस वर्षांची कमाल मर्यादा होती. ती २०१३ मध्ये मागे घेतली गेली, २०१६ मध्ये पुन्हा आणली गेली आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. ही तीन सालं मला पाठ आहेत, कारण प्रत्येक सालामागे चेहरे आहेत. तीस वर्षांची अट टिकली असती तर आमचा निम्मा वर्ग रिकामा राहिला असता.

तरी दार सगळ्यांना उघडं नाही. चाकणच्या एका प्रेस शॉपमधले फिटर एकदा आले होते. दहावी, मग आयटीआय, मग कामाला लागले. पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून तिथूनच बीए. बारावी नाही. सीईटीचा स्कोअर चांगला होता. पण बार कौन्सिलच्या नियम ५ खालचं स्पष्टीकरण सांगतं की आधीची आवश्यक पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. ते म्हणाले, "मॅडम, हीच डिग्री सरकारी नोकरीच्या फॉर्मला चालते. इथं का नाही?" मी नियमांची प्रत काढून समोर ठेवली. त्यांनी ओळीवर बोट ठेवून, दोनदा, सावकाश वाचलं. मग विचारलं, "याची झेरॉक्स मिळंल का?" झेरॉक्स घडी करून खिशात ठेवताना म्हणाले, "पटलं नाही मॅडम. पण कळलं."

मलाही तो नियम पटत नाही. ज्या राज्याने कामगाराला शिकता यावं म्हणून मुक्त विद्यापीठ काढलं त्याच राज्यातल्या कामगाराला ती पदवी एका दारात उपयोगी पडू नये, हे बरोबर नाही. बारावी नसलेला माणूस बीए होऊन, शिवाय सीईटीत इतरांच्या पुढे जाऊन आला असेल, तर पात्रता आणखी कशाने सिद्ध करायची? पण आज सांगायचं आहे ते निराळं. त्या गृहस्थांना नकार मिळाला, आणि नकाराबरोबर कारण मिळालं: छापलेलं, क्रमांक असलेलं, घरी नेता येण्यासारखं. पुढे ते युनियनचे पदाधिकारी झाले. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ मध्ये नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्याला कामगाराची बाजू मांडता येत होती. त्या कलमाच्या आधाराने ते पुण्याच्या कामगार न्यायालयात आपल्या सहकाऱ्यांसाठी उभे राहिले. पदवीशिवाय.

नकाराबरोबर कारण मिळणं प्रवेशाच्या टेबलावर सगळीकडे दिसतं. स्कोअर किती, गुणवत्ता क्रमांक किती, कुठल्या प्रवर्गातून जागा, कट-ऑफ कुठे थांबला, सगळं जाहीर असतं. पदवीला खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० ही किमान अट सगळ्यांना ठाऊक असते. नॉन-क्रिमिलेयरची मुदत संपलेली असेल तर अर्जावर तसा शेरा पडतो आणि तो दुरुस्त करायला अवधी मिळतो. प्रवेश न मिळालेला माणूस चिडतो, रडतोही; पण आपल्याला का घेतलं नाही हे त्याला सांगता येतं.

हाच माणूस आत आला की त्याची गाठ दुसऱ्या मापाशी पडते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१७ च्या पॅटर्नमध्ये लेखी परीक्षेला ८० गुण आणि अंतर्गत मूल्यमापनाला २०. लेखीची उत्तरपत्रिका मध्यवर्ती केंद्रावर जाते, नाव झाकलेलं असतं, तपासणारा कोण ते विद्यार्थ्याला कळत नाही आणि विद्यार्थी कोण ते तपासणाऱ्याला. वीस गुण मात्र आमच्या हातात. समोर बसणाऱ्या, नावाने ओळखू येणाऱ्या, पहिल्या बाकावर किंवा शेवटच्या बाकावर बसणाऱ्या माणसाला ते द्यायचे असतात.

मी शिकवायला सुरुवात केली तिथे या वीस गुणांचा तक्ता सत्राच्या शेवटी एका दुपारी भरला जायचा. विषय, आसन क्रमांक, गुण, सही. चेहरा ओळखीचा असला की सतरा-अठरा, नसला की अकरा-बारा. कुणाच्या मनात दुष्टावा नव्हता. ते महाविद्यालय वाईट होतं असंही नाही. पण ओळखीचा चेहरा कुणाचा असायचा? ज्याला रोज सकाळी येता यायचं त्याचा. आठवड्याला शिफ्ट बदलणारा माणूस एक आठवडा दिसायचा आणि दोन आठवडे गायब व्हायचा. बार कौन्सिलची ७० टक्के हजेरीची अट आहे, सबळ कारण असेल तर ती ६५ पर्यंत सैल होते. ती तो कशीबशी गाठायचा. रात्रपाळी संपवून चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीतून तासभर काढून तो वर्गात यायचा आणि मागच्या बाकावर त्याचा डोळा लागायचा. हजेरी लागायची, चेहरा लक्षात राहायचा नाही. वर्षाअखेर त्याला अकरा. का अकरा, हे कुठेच लिहिलेलं नसायचं.

वीसमधले सहा-सात गुण म्हणजे काय, हे श्रेणीचा तक्ता समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये सुचवलेली दहा अंकांची श्रेणी आता सगळीकडे रुळली आहे: सर्वांत वर ओ, मग ए प्लस, ए, बी प्लस, बी, सी, काठावर पी आणि शेवटी एफ. दोन श्रेणींच्या सीमेवर एक गुण इकडेतिकडे झाला की श्रेणी गुणांक एका अंकाने हलतो, त्याला त्या विषयाच्या श्रेयांकांनी गुणलं जातं आणि ते सीजीपीएत कायमचं बसतं. पुढे एलएलएमला जायचं तर एलएलबीचे टक्के पाहतात. कंपनीत बढतीच्या मुलाखतीत गुणपत्रक मागतात. अकरा आणि सतरा यांच्यातलं अंतर एखाद्याच्या नोकरीतली पाच वर्षं असू शकतं.

माझ्या डोक्यात हे सगळं होतं, पण त्याला धार आणली एका विद्यार्थ्याने. चाकणच्या एका वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपनीत तो इनवर्ड क्वालिटीला होता. प्रशासकीय कायद्याचा तास चालू होता. निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने कारणं नोंदवलीच पाहिजेत, हा मुद्दा मी शिकवत होते. १९७६ चा सीमेन्स इंजिनिअरिंगचा निकाल झाला, १९९० च्या एस. एन. मुखर्जी प्रकरणातला घटनापीठाचा निकाल झाला. कारण लिहायचं बंधन असलं की निर्णय देणारा मनमानी करू शकत नाही, ज्याच्याविरुद्ध निर्णय गेला त्याला अपिलात काय मांडायचं ते कळतं, असं मी फळ्यावर लिहीत होते. तो मागून म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं साधा बुश रिजेक्ट केला तरी लाल टॅग लावावा लागतो, आणि टॅगवर कारण. बोअर ओव्हरसाइज, डेंट, रस्ट, जे असंल ते. नुसतं रिजेक्ट लिहिलं तर ऑडिटला आमचीच कॉलर धरतात. आम्हाला मागच्या सेमला बारा पडले, त्याचा टॅग कुठंय?"

वर्ग हसला नाही. वर्गात बसलेल्या बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या कंपनीत असा टॅग स्वतः लिहिलेला होता. लोखंडाच्या तुकड्याला नाकारताना कारण द्यावं लागतं, ते आम्ही माणसाला न देता नैसर्गिक न्यायाची तत्त्वं शिकवत होतो.

या प्रश्नाचा कायद्यातला इतिहास आपल्या पुण्याशीच जोडलेला आहे, आणि मी तो आता प्रत्येक वर्गाला सांगते. पुण्यातल्या महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या १९७७ च्या विनियमांत उत्तरपत्रिका पाहण्याची आणि फेरतपासणीची मागणी करता येणार नाही अशी तरतूद होती. गुणांची बेरीज तेवढी तपासून मिळायची. परितोष भूपेशकुमार शेठ आणि इतर विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. परीक्षेच्या निकालाला कुठेतरी शेवट असला पाहिजे, लाखो उत्तरपत्रिका उघडून दाखवणं व्यवहारात शक्य नाही आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वं तिथवर ताणता येणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय. पुढची सत्तावीस वर्षं परीक्षेच्या प्रत्येक तक्रारीला हेच उत्तर मिळत राहिलं.

मग माहितीचा अधिकार आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येईल. परीक्षकाचं नाव मात्र उघड करायचं नाही, त्याच्या सुरक्षेसाठी. आज आमचे विद्यार्थी निकालानंतर छायाप्रतीचा अर्ज करतात, पुनर्मूल्यांकन मागतात, ते या वाटेने आलेलं आहे. पण छायाप्रत हातात पडल्यावर ते माझ्याकडे येतात तेव्हा त्या पानांवर काय असतं? समासात लाल शाईने एक आकडा. क्वचित एक बरोबरची खूण, क्वचित अधोरेखन. मॉडरेशनला गेली असेल तर हिरव्या शाईत दुसरा आकडा. पाहण्याचा हक्क मिळवायला इतकी वर्षं गेली, आणि पाहायला आकड्यापलीकडे काही नाही.

लेखी परीक्षेच्या ऐंशी गुणांबद्दल मी फार मोठी मागणी करणार नाही. मी स्वतः त्या केंद्रावर बसते. गठ्ठ्यामागून गठ्ठे येत असतात, निकालाची तारीख डोक्यावर असते, आणि प्रत्येक उत्तराखाली परिच्छेद लिहायचा म्हटलं तर निकाल वर्षभर लागणार नाही. १९८४ च्या निकालातली व्यवहाराची अडचण खोटी नव्हती. तरी नापास होणाऱ्या उत्तराखाली चार शब्द लिहिता येतात: "तरतूद सांगितली, प्रसंगाला लावली नाही." "जुन्या कायद्याचं कलम." हे दुसरं तर अलीकडे फारच गरजेचं झालं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचं ३०२ जाऊन १०३ आलं, फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि एकोणतीस कायदे त्यांत गेले. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातात गाइडं जुनी, कंपनीच्या नोटीस बोर्डावर तक्ते जुने. अशा काळात गुण कापले गेले ते कलम जुनं लिहिल्याबद्दल की विचार चुकल्याबद्दल, हे विद्यार्थ्याला कळलंच पाहिजे.

वीस गुणांचं मात्र सगळं आपल्या हातात आहे. तिथे गठ्ठा नाही, केंद्र नाही, नाव झाकलेलं नाही. म्हणून मी तिथे सुरुवात केली.

कामगार कायद्याच्या अंतर्गत चाचणीला मी एक प्रसंग देते. पट्ट्यातलाच, नावं बदलून. एक माणूस आठ वर्षं एकाच कारखान्यात एकाच मशीनवर काम करतो. या काळात ठेकेदार तीन वेळा बदलला. पगार ठेकेदाराच्या खात्यातून, गेटपास कारखान्याचा. एके दिवशी गेटवर पास चालत नाही. त्याचा मालक कोण आणि त्याला काय मागता येईल? लिहून आणायचं, पुस्तक उघडं ठेवून.

एका मुलीचं उत्तर आलं ते देखणं. शीर्षकं अधोरेखित, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची व्याख्या जशीच्या तशी, २००१ चा स्टील ऑथॉरिटीचा घटनापीठाचा निकाल, त्यातला आपोआप कायम होण्याचा हक्क नाही हा भाग, सगळं. पण तो गेटवरचा माणूस तिच्या उत्तरात दुसऱ्या पानानंतर कुठेच नव्हता. शेवटी "वरील विवेचनावरून असे दिसते" म्हणून उत्तर संपलं होतं.

दुसरं उत्तर प्रेस शॉपच्या एका सुपरवायझरचं. अक्षर वाचवत नव्हतं, निकाल एकही नाही. पण त्याने प्रश्न विचारले होते. रजा कोण मंजूर करायचं? ओव्हरटाइमच्या कागदावर सही कुणाची? काम चुकलं तर मेमो कोण द्यायचं? ठेकेदार बदलला तेव्हा माणसं बदलली का? आणि पुढे लिहिलं होतं की ठेकेदार बदलूनही माणूस, मशीन आणि साहेब तेच राहिले असतील तर कंत्राट कागदापुरतं आहे, आणि ते तसं आहे हे सिद्ध करायला रजेचे अर्ज आणि गेटपासचं रजिस्टर मागवून घ्यावं. ज्या स्टील ऑथॉरिटीच्या निकालाचं त्याने नावही घेतलं नव्हतं, त्याच निकालाचा दुसरा भाग हाच आहे: कंत्राट निव्वळ देखावा असेल तर कामगार मूळ मालकाचाच धरायचा, आणि हे औद्योगिक न्यायाधिकरणाने पुरावा पाहून ठरवायचं.

जुन्या रीतीने पहिल्या उत्तराला सतरा आणि दुसऱ्याला अकरा मिळाले असते. मी चार रकाने आखले: मुद्दा ओळखणं, नियम सांगणं, नियम प्रसंगाला लावणं, निष्कर्ष. प्रत्येकी पाच गुण, प्रत्येक रकान्यासमोर एक ओळ कारण. मुलीला नियमाला पाच, लावण्याला दोन, समोर लिहिलं, "या माणसाच्या रजेचं, ओव्हरटाइमचं, गेटपासचं काय, ते उत्तरात नाही." सुपरवायझरला लावण्याला पाच, नियमाला एक, समोर लिहिलं, "तुम्ही म्हणता ते न्यायालयाने मान्य केलेलं आहे, पण आधार दिलेला नाही. २००१ चा निकाल वाचा." बेरीज दोघांची जवळपास सारखी आली.

कागद परत दिल्यावर मुलगी आधी नाराज झाली. मग तिने विचारलं, "गेटपास रजिस्टर पुराव्यात कसं आणायचं?" हा प्रश्न तिने त्याआधी कधी विचारला नसता. सुपरवायझरांनी पुढच्या चाचणीला निकालाचे परिच्छेद क्रमांकासकट उतरवून आणले, अक्षर तसंच ठेवून.

एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाल्या, "कारण लिहिलंस की भांडणं अंगावर घेतलीस." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. विद्यार्थी येतात, कागद पुढे करतात, वाद घालतात. पण वाद उत्तरावर होतो. "मॅडमना मी आवडत नाही" हे वाक्य ऐकू येईनासं झालं. त्याऐवजी "तुम्ही लिहिलंय निष्कर्ष नाही, पण हा बघा तिसऱ्या पानावर आहे" असं ऐकू येतं. वकिली शिकायला आलेल्या माणसाने आपल्या गुणांसाठी लेखी आधारावर युक्तिवाद करावा, यापेक्षा चांगला सराव मला सुचत नाही. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात मूट कोर्टच्या प्रत्येक फेरीला दहा गुण आहेत, पाच लेखी मांडणीला आणि पाच तोंडी युक्तिवादाला. तिथेही मी हीच रीत ठेवली. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेल्या परीक्षकाने कागदावर लिहायचं: कुठल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, कुठला मुद्दा नीट मांडला. ज्यांची इंग्रजी अडखळते अशांना मराठीत बोलू दिलं. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. खेड राजगुरुनगरच्या कोर्टात उभं राहणाऱ्याला मूट कोर्टात इंग्रजीची सक्ती करून काय साधायचं?

शिफ्टवाल्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक पडला. चाचणीचा विषय आणि चार रकाने सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर असले की रात्रपाळीचा माणूस आपल्या आठवड्याचा हिशेब करून लिहू शकतो. गुण उत्तराला मिळतात, चेहऱ्याला नाहीत, हे एकदा त्याला पटलं की तो शेवटच्या बाकावरूनही प्रश्न विचारतो. हजेरीची अट त्याच्यावर आहेच, ती मी सैल करू शकत नाही. पण हजेरीचा हिशेब हजेरीपटात व्हावा. तो गुणांच्या तक्त्यात चोरपावलांनी शिरू नये.

यातले कितीतरी जण कधीच काळा कोट घालणार नाहीत. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही, म्हणजे सनद हवी तर नोकरी सोडावी लागते. घराचा हप्ता आणि मुलांची फी असलेला माणूस ती सोडत नाही. तो पदवी घेऊन कंपनीतच परततो. तिथे तो घरगुती चौकशीत चौकशी अधिकारी म्हणून बसतो, नाहीतर कामगाराचा प्रतिनिधी म्हणून. कुणाच्या तरी पोटावर पाय देणाऱ्या किंवा कुणाची नोकरी वाचवणाऱ्या कागदावर त्याची सही असते. त्या कागदात कारणं लिहिलेली असतील की नुसता "दोष सिद्ध" हा शेरा असेल, हे तो तीन वर्षं आमच्या वर्गात काय पाहत होता त्यावरही ठरतं. एका माजी विद्यार्थ्याने मला आपण लिहिलेला चौकशी अहवाल दाखवला, नावं खोडून. प्रत्येक आरोपासमोर पुरावा, त्यासमोर कामगाराचं म्हणणं, आणि ते मान्य किंवा अमान्य का, याची ओळ. एक आरोप सिद्ध, दोन असिद्ध. कामगाराची नोकरी राहिली.

कायदा शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे. येत्या सत्रात वीस गुणांच्या तक्त्यात एक रकाना वाढवा, कारणाचा. एक ओळ पुरते. विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहू नका. कारण लिहायला कुठल्याही नियमाने मनाई केलेली नाही. आणि विद्यार्थ्यांनो, निकाल लागल्यावर छायाप्रतीच्या अर्जाला मुदत असते, ती चुकवू नका. उत्तरपत्रिका मागवा, वाचा, आणि अंतर्गत गुणांचं कारण आपल्या शिक्षकांना लेखी विचारा.